बाळ शांत झोपलंय ना?

गेल्या महिन्यात दोन-तीन शनिवार-रविवार गावी, म्हणजे कोरेगाव भीमाला काढले. निमित्त गोड होतं. पुतणी बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि घरात बऱ्याच वर्षांनी पाळणा टांगला गेलाय. पण पाळण्यातली मंडळी रात्री अकरा ते पहाटे चार जागी असतात, त्यामुळे बाकीचं घरही जागं असतं. :-)

आमचं घर गावठाणात असलं तरी रात्री नगर रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येतोच. लहानपणी आम्ही त्याच आवाजावर झोपायचो. ही नवी पाहुणी मात्र त्याला दाद देत नाही. पहिल्या रात्री वहिनीने फेऱ्या मारल्या, दुसऱ्या रात्री दादाने. तिसऱ्या रात्री पुतणी स्वतःच रडायला लागली. "काका, मला काहीच जमत नाहीये," म्हणाली. पोरगी रांजणगावच्या कंपनीत तीस माणसांची लाइन सांभाळते, आणि साडेतीन किलोच्या जिवापुढे तिने हात टेकले होते.

सकाळी शेजारच्या मावशी आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, सर्दीचं औषध असतं ना, त्यातलं पाव चमचा दे. माझी नातवंडं छान झोपायची."

आमची आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं. पण हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि म्हणाली, "ह्या घरात लेकराला झोपेचं काय बी द्यायचं न्हाई. आत्याबाईंनी सांगून ठेवलंय."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आज्जी. तिला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तिने सांगून ठेवलेलं नेमकं काय होतं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. त्यावरून मी थोडं वाचत गेलो आणि डोक्यात जे साठलं ते इथे उतरवतोय. घरातली मंडळी हे वाचतील तेव्हा कुणाला वाटेल की हे चारचौघांत कशाला लिहायचं. मला वाटतं, लिहायला हवं.

आधी थोडं मागे जाऊ. बाळ झोपत नाही ही तक्रार किती जुनी असावी? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना त्रास देणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यातल्या पूतनेने धरलेल्या मुलाच्या लक्षणांत, ते रात्री सुखाने झोपत नाही, असं एक लक्षण आहे. म्हणजे निदान दीड-दोन हजार वर्षं तरी आईबाप या एका प्रश्नाने बेजार आहेत. पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दोन हजार वर्षांत कुणाला उपाय सापडला नाही का?"

उपाय भरपूर सापडले. आपल्याकडे नऊवारीची झोळी आहे. आढ्याला, नाहीतर शेतात बाभळीच्या फांदीला बांधली की आई खुरपायला मोकळी. पाळणा आहे, अंगाई आहे. आंघोळीनंतरची धुरी आहे, कुंची आहे, राईची उशी आहे. दृष्ट काढायला मीठ-मोहरी आहे. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते आणि दचकून रडलं की तीच रडवते, हे स्पष्टीकरणही तयार आहे. आणि बाळगुटी तर आहेच. सहाणेवर जायफळ, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, सुंठ, हळकुंड यांचे ठरलेले वेढे उगाळायचे. झोप येत नसेल तर जायफळाचा वेढा वाढवायचा, हे प्रत्येक घरातल्या म्हातारीला ठाऊक असे. (आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, गुटीसुद्धा नाही. जायफळ आणि वेखंड प्रमाणाबाहेर गेलं तर तान्ह्या बाळाला बाधतं, हेही खरंच.)

मग इंग्रजांबरोबर ग्राइप वॉटर आलं. विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावी १८५१ साली काढलं. त्यात खाण्याचा सोडा, साखर आणि शेपूचं तेल असे. म्हणजे आपल्या बाळंतिणीला देतात तोच बाळंतशेपा, साहेबाच्या बाटलीतून परत आला म्हणायचा! पण त्या बाटलीत थोडं अल्कोहोलही होतं. ते पुढे काढून टाकलं गेलं. तोवर कित्येक पिढ्या "ग्राइप वॉटर दिलं की पोर कसं गुमान झोपतं" म्हणून खूष होत्या. कारण काय असणार ते सांगायला नको.

या सगळ्या उपायांकडे बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. झोळी काय, अंगाई काय, मांडीवर घेऊन थोपटणं काय, या सगळ्याला माणूस लागतं. गुटी उगाळायलासुद्धा वेळ असलेली एखादी आजी लागते. घरात सासू, नणंद, जाऊ, मोठी मुलगी असेल तर रात्र वाटून घेता येते. पण ही माणसंच नसतील तर?

आता आज्जीची गोष्ट.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. आपल्या भागातून असंख्य माणसं तेव्हा मुंबईला गेली. १९३५-३६ च्या सुमारास लग्न होऊन आज्जीही गेली आणि तिथे तिने वायंडिंग खात्यात काम धरलं. दहा बाय दहाची खोली, त्यात दोन बिऱ्हाडं. सकाळी भोंग्याला निघायचं ते संध्याकाळीच परत. आम्हा नातवंडांना आज्जीच्या मुंबईबद्दल एवढंच माहीत होतं. तिला समुद्र आवडत नसे आणि ट्रामचं तिला भारी कौतुक होतं.

आणखी एक गोष्ट माहीत होती, पण तिचा मुंबईशी संबंध कधी जोडला नव्हता. आज्जीला एक खोड होती. कुणाचंही तान्हं बाळ बराच वेळ शांत झोपलेलं दिसलं की ती जाऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारायची. बाळ वैतागून ट्यँ करायचं, बाळाची आई मनातल्या मनात आज्जीला शिव्या द्यायची आणि आज्जी "हं, हाय हाय" असं पुटपुटत निघून जायची. आम्ही हसायचो.

आईने परवा सांगितलं ते असं. दादाच्या जन्मानंतर आई अशीच जागरणाने टेकीला आली होती. कुणीतरी काहीतरी द्यायला सुचवलं, तेव्हा आज्जीने तिला जवळ बसवून सांगितलं, की मुंबईत तिला पहिली मुलगी झाली होती. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत कामावर जावं लागलं. चाळीतल्या सगळ्या बायका करायच्या तेच तिने केलं. सकाळी निघताना बाळाला एक बारीकशी गोळी चाटवायची. बाळ दिवसभर झोपून राहायचं. एके संध्याकाळी ती परत आली, तेव्हा बाळ झोपलेलंच होतं...

पुढचं आज्जीने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही.

ही गोळी म्हणजे अफू. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत तिचं नाव 'बाला गोली' असं आलंय. यात चोरटं काहीच नव्हतं. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघड विकली जात होती आणि तिचं उत्पन्न सरकारच्याच तिजोरीत जात होतं. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची परिस्थिती बघायला डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. त्यांनी लिहिलंय, की कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते.

शंभरात अठ्ठ्याण्णव! हा आकडा मी वाचला आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

अफूने बाळ का झोपतं हेही समजून घ्यायला हवं. ती गुंगी आणते हे तर झालंच, पण ती भूकही मारते. बाळ दुधासाठी उठत नाही, उठलं तरी जोराने ओढत नाही, पोट साफ होत नाही. रोज थोडं थोडं सुकत जातं. आणि मात्रा जरा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतो. सुईच्या टोकाएवढी गोळी अंदाजाने तोडणाऱ्या बाईला मात्रा कळणार कशी? १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. त्यामुळे जन्म नोंदले जात गावी आणि मृत्यू मुंबईत. पण तेवढं वजा केलं तरी उरतं ते भयंकरच आहे. सगळी मुलं अफूने गेली असंही नाही. देवी, हगवण, हिवताप, कोंदट खोल्या, कारणं पुष्कळ होती. माझ्या त्या न पाहिलेल्या आत्याचं नेमकं काय झालं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. आज्जीने मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता आणि त्यानंतरची साठ वर्षं ती बाळांच्या तळपायांना टिचक्या मारत राहिली.

हे फक्त मुंबईत घडत होतं असं समजू नका. शंभर वर्षं आधी मँचेस्टरच्या गिरण्यांत हेच चालू होतं. तिथे 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं काकवीत कालवलेलं अफूचं औषध मिळायचं. एंगेल्सने १८४५ च्या त्याच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या कामगारांबद्दल लिहिताना त्याचा उल्लेख केला आहे. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' होतं, त्यात मॉर्फिन असायचं. जिथे जिथे आईला भोंग्याच्या वेळेला बांधलं गेलं आणि मागे बाळाजवळ कुणी उरलं नाही, तिथे तिथे बाटली नाहीतर गोळी आली.

मग हे थांबलं कसं? बायकांना उपदेश पुष्कळ झाले. अडाणी, निष्काळजी वगैरे विशेषणंही लागली. पण उपदेश ऐकून बाई घरी थांबली तर त्या दिवसाची मजुरी जाते, हे उपदेश करणाऱ्यांच्या लक्षात येत नव्हतं.

इथे माझ्या गावाशी एक धागा जुळतो. आमच्या गावाजवळ, नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. ते सगळ्यांना ठाऊक असतं, दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसं येतात. त्यानंतर दीडच वर्षाने, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या रजेच्या विधेयकावर ते बोलले होते, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. तेव्हा या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो म्हणून काही भार मालकानेही सोसावा.

त्याआधी ना. म. जोशींनी असंच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडून पाहिलं होतं. ते १९२५ मध्ये फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताने मात्र १९२९ साली कायदा केला. देशातला हा पहिला प्रसूती-लाभ कायदा. बाळंतपणाआधीचे आणि नंतरचे काही आठवडे रोज आठ आणे. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने कारखान्यांत पाळणाघरं असावीत अशी शिफारस केली, १९३४ च्या कारखाने कायद्यात प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार मिळाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी अफू १९५९ मध्ये देशभर बंद झाली.

हे वाचताना सगळं छान झालं असं वाटतं, पण तसं नाही. कायद्याला आधीच्या काही महिन्यांच्या नोकरीची अट होती. आज्जी बदलीवर होती, असं आई सांगते. म्हणजे कायदा होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि तरी तो तिच्यापर्यंत पोचला नाही. शिवाय पुढे गिरण्यांतल्या बायकांची संख्याच घटत गेली. त्याला कारणं अनेक होती, आणि बायकांवरचा हा खर्च नको वाटणं हे त्यातलंच एक.

आता आपल्या भागाकडे येतो. कोरेगावपासून जवळच वढू बुद्रुक आहे. लोक ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ओळखतात. पण आमच्या आईच्या पिढीला वढू आणखी एका कारणाने आठवतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं आणि घरोघर पाठवलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या आईला पुरस्कार वगैरे माहीत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की दाराशी येऊन "बाई, तू जेवलीस का?" असं आधी बाळंतिणीला विचारणारं कुणीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वाटेने २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जायला लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत.

आमच्याकडेही आशाताई आल्या. वजन केलं, ताप पाहिला. बाळ गाढ झोपलं होतं (दिवस होता ना!). ताईंनी त्याच्या तळपायाला हलकीशी टिचकी मारली. बाळ कुरकुरलं, पाय आखडून घेतला. "छान," ताई म्हणाल्या.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. दोघांनाही पुढे काही बोलवेना.

त्यांना मी विचारलं, ही टिचकी कशाला? त्यांनी सांगितलं, की बाळ रडतंय, जागं राहतंय, ओढून दूध पितंय तर घाबरायचं नाही. घाबरायचं ते बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, रडणं क्षीण झालं की. म्हणून झोपलेलं बाळ उठतं का ते बघायचं. जी गोष्ट आज्जी कुणी न शिकवता करत होती, ती आता शिकवून करून घेतात.

तर मावशींच्या सर्दीच्या औषधाचं काय झालं? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अजिबात नको. त्या औषधांत गुंगी आणणारं द्रव्य असतं, म्हणून मूल झोपतं. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी अशा एका नेहमीच्या मिश्रणाच्या बाटलीवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला लावलंय. हे मावशींना सांगितलं तर त्या बिचाऱ्या हिरमुसल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांच्या सुनेला दोन पोरं आणि दोन पाळ्या एकटीने काढायच्या होत्या.

डॉक्टरांनी बाकी जे सांगितलं ते अगदी साधं. नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. पोट लहान म्हणून भुकेला उठतं. दिवस-रात्रीचं गणित जमायला दोन-तीन महिने लागतात. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि मग उतरतं. दिवसा उजेडात, घरच्या आवाजात ठेवा. रात्री दिवा मंद, बोलणं कमी. झोपवताना पाठीवर, उशी नको, जाड दुपटी तोंडाशी नकोत. (राईची उशी माळ्यावर गेली. वहिनी थोडी नाराज आहे.) आणि शेवटी त्यांनी विचारलं, "आई सलग किती तास झोपते?"

उत्तर कुणालाच देता आलं नाही. कारण कुणी मोजलंच नव्हतं.

त्या रात्रीपासून पाळ्या लावल्या. नऊ ते एक पुतणीने झोपायचं, फक्त दुधाला उठवायचं. तेवढा वेळ बाळ दादाकडे. मग वहिनी. शनिवारी जावई येतात सणसवाडीहून, तेव्हा पहाटेची पाळी त्यांची. मी असलो की माझी. बाळ झोपायला लागलं का? नाही हो! आधीसारखंच जागं असतं. पण पुतणी आता रडत नाही. परवा म्हणाली, "काका, तिचं काही बदललं नाहीये, पण मला ती आवडायला लागलीय."

परवाच्या माझ्या पाळीत पहाटे तीनला बाळ खांद्यावर झोपलं. पाळण्यात ठेवलं. शांत... अगदीच शांत. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो. मग न राहवून हळूच तळपायाला टिचकी मारली.

ट्यँ झालं. सगळं घर उठलं. वहिनीने मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. :-)

अंधारात आई मात्र आपल्या अंथरुणावरून म्हणाली, "हाय न्हवं? मग बास."

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अशा काही खोडी असतील, तर एकदा त्यांना कारण विचारून बघा. मी आज्जीला विचारलं नाही. विचारलं असतं, तर डॉ. बार्न्सचा तो आकडा तिला सांगता आला असता. शंभरात अठ्ठ्याण्णव, आज्जी. तू एकटी नव्हतीस.